ग्राफिक्स कार्ड 85 अंशांवर: कारण उन्हाळा की पंखा?

रेंडर_नागपूर:
नमस्कार. माझ्याकडे दोन पंख्यांचे आरटीएक्स 3060 कार्ड असून त्यावर मी ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरचे रेंडर (दृश्यातून अंतिम चित्र तयार करण्याचे काम) रात्रभर लावून ठेवतो. जानेवारीत खोलीचे तापमान 24 अंश असताना पूर्ण भारावरही कार्ड 68 अंशांच्या पुढे जात नसे आणि कार्डाची माहिती दाखवणाऱ्या जीपीयू-झेडमध्ये हॉट स्पॉट (चिपवरचा सर्वांत तापलेला बिंदू) 81 दिसत असे. सध्या मे महिन्यात खोली 36 अंशांवर आहे, कार्ड 85 पर्यंत चढते आणि हॉट स्पॉट 107 दाखवतो. पंखे पूर्ण वेगाने फिरतात, त्यांतला एक सुरू होताना खरखरतो आणि थोड्याच वेळात क्लॉक (चिपचा वेग) खाली येऊन रेंडर रेंगाळते. वॉरंटी संपली आहे. चिपवरची थर्मल पेस्ट बदलावी, पंखा बदलावा, की पावसाळ्याची वाट पाहावी?

तांब्याची_नळी:
आपण दोन्ही ऋतूंतील आकडे दिलेत हे फार चांगले झाले. भार आणि पंख्याचा वेग तोच असेल, तर खोली जितकी तापते साधारण तितकेच कार्डही तापते. म्हणजे 17 अंशांच्या वाढीतले 12 अंश उन्हाळ्याच्या खाती गेले. उरलेले 5 किरकोळ वाटतील, पण पंखे पूर्ण वेगाने फिरत असूनही ते उरतात, ही गोष्ट मला खटकते. त्याहून ठळक खूण हॉट स्पॉटची आहे. त्याच्यात आणि कार्डाच्या मुख्य तापमानात पूर्वी 13 अंशांचे अंतर होते, आता ते 22 झाले आहे, आणि केवळ खोली तापल्याने हे अंतर इतके वाढत नाही. चिप आणि हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) यांच्यामधली पेस्ट वारंवार तापून-निवून कडेला सरकली किंवा वाळली, की असे होते.

एनव्हिडियाने या कार्डाची कमाल मर्यादा 93 अंश दिली असली, तरी क्लॉक त्याच्या बराच आधीपासून उतरू लागतो. कार्ड खोलण्यापूर्वी कॅबिनेटचे बाजूचे झाकण काढून तेच रेंडर चालवून पाहा. तापमान सात-आठ अंशांनी उतरले तर कॅबिनेटमधली हवा कोंडते आहे. दोन-तीन अंशच उतरले तर दोष कार्डाच्या कूलरमध्येच आहे.

सोल्डर_आणि_स्क्रू:
पंख्याकडे दुर्लक्ष करू नये असे मला वाटते. संगणक बंद करून, वायर काढून, दोन्ही पंखे बोटाने हलकेच फिरवा. एक सहज फिरत राहिला आणि दुसरा लगेच अडखळून थांबला, तर त्याचे बेअरिंग झिजले आहे. शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडून काही आठवडे निभावता येते, पण तो कायमचा उपाय नव्हे. नवा पंखा घेताना जुन्याच्या मागच्या स्टिकरवरील क्रमांक, स्क्रूच्या भोकांमधले अंतर आणि कनेक्टर या तिन्ही गोष्टी जुळवून घ्या. ब्लोअरने धूळ उडवताना पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर ती भलत्या वेगाने फिरून बेअरिंग आणखी बिघडते.

पेस्ट बदलताना खरी जोखीम थर्मल पॅडची (मेमरीसारख्या भागांची उष्णता हीटसिंककडे नेणाऱ्या मऊ पट्ट्यांची) असते. पॅड फाटला आणि त्याजागी जाड पॅड बसवला, तर हीटसिंक चिपवर नीट टेकतच नाही आणि तापमान आधीपेक्षा वाढते. म्हणून जुन्या पॅडची जाडी मोजल्याशिवाय नवा घेऊ नका. चिप आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पेस्ट तिच्या संपूर्ण पृष्ठभागावर पसरवावी आणि चारही स्क्रू समोरासमोरच्या जोड्यांनी थोडे थोडे आवळावेत.

रेंडर_नागपूर:
मनःपूर्वक आभार. झाकण काढल्यावर कार्ड 83 वर आले, म्हणजे दोनच अंश उतरले. एक पंखा खरोखरच अडखळतो. पंखा आणि पेस्ट एकदमच बदलून घेईन. तोपर्यंत काम थांबवता येणार नाही; खोलीतला वाळ्याचा कूलर कॅबिनेटसमोर ठेवला तर चालेल का?

तांब्याची_नळी:
कूलर अगदी समोर ठेवू नका. त्याच्या झोताबरोबर पाण्याचे तुषार येतात. त्यांतले क्षार बोर्डावर साचतात आणि ओलसर धूळ हीटसिंकच्या पत्र्यांमध्ये घट्ट बसते. कूलरने खोली थंड करावी आणि खिडकी किंचित उघडी ठेवावी, एवढेच पुरे. त्यापेक्षा एमएसआय आफ्टरबर्नर या कार्ड नियंत्रित करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट (विजेच्या वापराची मर्यादा) 80 टक्क्यांवर आणा. 170 वॉटचे कार्ड मग 136 वॉटच्या आसपास चालेल, आणि रेंडरचा वेग त्या प्रमाणात न घटता बराच कमी घटेल. अडखळणारा पंखा फिरता फिरता पूर्ण थांबला, तर मात्र रात्रभराचे रेंडर लावून झोपू नका.