मदत हवी आहे: सिंथचे (सिंथेसायझरचे) आवाज लावून कसे ठेवता?

राम राम मंडळी. मी अमळनेरचा, घरच्याच खोलीत अहिराणी गाण्यांना संगीत देतो. परवा कानबाईच्या (आमच्या खानदेशातली श्रावणात बसवतात ती देवी) गाण्याला सातपुड्यातल्या पावरीसारखा (आदिवासींचं फुंकून वाजवायचं वाद्य) घोगरा आवाज हवा होता. मीच बनवलेला, पण सापडेचना. गाणाऱ्या मावशी हेडफोन गळ्यात अडकवून पाऊण तास बसून राहिल्या. फार वाईट वाटलं.

डेक्सेडमध्ये (हा कॉम्प्युटरवरचा सिंथ) यामाहा डीएक्स७ या सिंथच्या जुन्या बँका, म्हणजे आवाजांचे संच, भरल्यात. एका बँकेत ३२ आवाज आणि नावाला जागा फक्त १० अक्षरांची. त्यामुळे ‘ब्रास १’ कितीतरी ठिकाणी, आणि प्रत्येक वेगळा वाजतो! १९९१च्या जनरल मिडीची (सिंथच्या आवाजांची ठरलेली प्रमाण यादी) विभागणी लावून पाहिली: ८-८ आवाजांचे १६ गट. पियानो, ऑर्गन नीट बसले. पण वरातीच्या बँडसारखा लीड (मुख्य चाल वाजवणारा आवाज) कुठे टाकू?

वाद्यावरून लावावं, की गाण्यातल्या कामावरून? सध्या वहीत लिहितोय: बँक, क्रमांक, कुठल्या गाण्यात वापरला. वही वाचून आवाज कानात येत नाही, हीच अडचण. कुणी प्रत्येक आवाजाची चार सेकंदांची क्लिप करून ठेवतं का? सगळ्या सिंथची मिळून एकच एक्सेल चालेल का? श्रावणाआधी हे मार्गी लावायचंय.