नास्तिक, निरीश्वरवादी, इहवादी: अर्थ आणि वाचनाचा क्रम

गंगापूर रोडकर: नमस्कार. सावानातून (नाशिकचं सार्वजनिक वाचनालय) भारतीय दर्शनांवरची दोन पुस्तकं आणली आणि सुरुवातीलाच अडलो. सांख्य आणि मीमांसा ही 'आस्तिक' दर्शनं, असं दोन्हीकडे लिहिलंय. पुढे मात्र सांख्यांना जगाचा कर्ता ईश्वर लागत नाही, असंही आहे. आमच्याकडे सिंहस्थातसुद्धा रामकुंडाकडे न फिरकणाऱ्या काकांना सगळे नास्तिक म्हणतात. मग ईश्वर न मानणारा आस्तिक कसा? आणि या विषयावर कोणत्या क्रमाने वाचावं?

पंचवटीकर: अडायला हवं तिथेच अडलात. या शब्दाच्या तीन कसोट्या आहेत आणि आपण कोणती लावतोय हे लेखक बहुतेक वेळा सांगत नाहीत.

पाणिनीचं सूत्र आहे 'अस्तिनास्तिदिष्टं मतिः' (4.4.60). काशिकावृत्ती या त्यावरच्या टीकाग्रंथात त्याचा संबंध परलोकाशी जोडलाय. परलोक आहे असं ज्याचं मत, तो आस्तिक. मनुस्मृतीत (2.11) कसोटी बदलते: 'नास्तिको वेदनिन्दकः'. इथे देवाचा प्रश्नच नाही, वेदांच्या प्रामाण्याचा आहे. तुमच्या पुस्तकांतली विभागणी हीच. म्हणून मीमांसक कुमारिल भट्ट सृष्टिकर्त्या ईश्वराचं खंडन करूनही पक्का आस्तिक ठरतो आणि जैन, बौद्ध, चार्वाक नास्तिकांत जातात. देव न मानणारा हा तिसरा अर्थ आज सर्रास चालतो. काकांना लावलेला तर त्याहूनही सैल: देवधर्म न करणारा. काका मनातून श्रद्धाळू असू शकतील.

आता आठव्या शतकातले जैन आचार्य हरिभद्र पाहा. 'षड्दर्शनसमुच्चया'त ते बौद्ध, नैयायिक, सांख्य, जैन, वैशेषिक आणि जैमिनीय (म्हणजे मीमांसक) या सहाही मतांना आस्तिकवाद म्हणतात आणि परलोक न मानणाऱ्या चार्वाकाला तेवढं वेगळं काढतात. परलोकाची कसोटी लावली की असंच होणार. तेव्हा 'बुद्ध नास्तिक होता का?' या प्रश्नाला उत्तर देण्याआधी कसोटी कोणाची, हे विचारलंच पाहिजे. मला याची तळमळ वाटते, कारण आपल्याकडे हा शब्द शिवीसारखा फेकला जातो आणि ज्याच्यावर फेकला त्याचं म्हणणं वाचायचंच राहून जातं.

देव न मानणाऱ्याला निरीश्वरवादी म्हणावं. हा शब्द नेमका आहे. ईश्वर आहे की नाही हे कळूच शकत नाही असं म्हणणारा अज्ञेयवादी. इहवादी मात्र निराळा, त्याचा सगळा विचार या जगापुरता. सांख्य निरीश्वरवादी आहेत, पण त्यांना कैवल्य, म्हणजे मोक्ष, हवं आहे, म्हणून ते इहवादी नव्हेत.

पाथर्डी फाटा: पंचवटीकर दादा, एक भर घालते. नाशिकच्या पांडवलेण्यांत तीन क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. त्यात ती आपल्या मुलाला, गौतमीपुत्र सातकर्णीला, 'एकबम्हण' (एकमेव ब्राह्मण) म्हणून गौरवते आणि ते लेणं भदावनीय या बौद्ध पंथाच्या भिक्षूंना दान देते. दहा क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात ब्राह्मणांना दिलेल्या दानांची यादी सांगतो आणि लेणं मात्र भिक्षुसंघाला देतो. आस्तिक-नास्तिक असे दोन कप्पे करून आपण इतिहास शिकतो. या दोघांना एकाच लेखात दोन्ही बाजू मांडताना अडचण वाटलेली नाही. दर्शनांची पुस्तकं हातात असताना एकदा हे लेख डोळ्यांनी पाहून या.

आणि 'पाखंडी'सुद्धा पाहा. अशोकाच्या शिलालेखांत 'पासंड' म्हणजे नुसता पंथ. राजा सर्व पासंडांचा आदर करतो, असं बाराव्या लेखात आहे. निंदेचा अर्थ नंतर चिकटला.

गंगापूर रोडकर: ताई, दादा, दोघांचे आभार. 'धर्मनिरपेक्ष' यात कुठे बसतं?

पंचवटीकर: तो शब्द राज्यासाठी. 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने संविधानाच्या उद्देशिकेत आला. मराठीत धर्मनिरपेक्ष, हिंदी पाठात पंथनिरपेक्ष. वारी करणारा माणूसही धर्मनिरपेक्ष राज्य हवं म्हणू शकतो, त्यात विसंगती नाही. इंग्रज विचारवंत होलिओकने 1851 मध्ये सेक्युलॅरिझम हा शब्द रूढ केला तो जीवनविचार म्हणून, आणि त्याला इहवाद जास्त जवळचा.

आता वाचन. देवीदास वाडेकरांनी संपादित केलेला 'मराठी तत्त्वज्ञान-महाकोश' (तीन खंड, 1974) हाताशी असू द्या. तो सलग वाचायचा नसतो. शब्द अडला की उघडायचा. मग माधवाचार्यांच्या 'सर्वदर्शनसंग्रहा'तलं पहिलं प्रकरण. ते चार्वाकावर आहे. लिहिणारा विरोधक आहे हे लक्षात ठेवून वाचा, कारण चार्वाकांचं म्हणणं आपल्यापर्यंत बहुतांशी विरोधकांच्याच ग्रंथांतून आलंय. त्याला लागूनच आ. ह. साळुंख्यांचं 'आस्तिकशिरोमणी चार्वाक' घ्या; वरची सगळी चर्चा झाल्यावर त्या नावातला दावा किती मोठा आहे ते जाणवेल. नंतर तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांची 'हिंदुधर्माची समीक्षा'. वेदशास्त्र शिकलेला माणूस आतून चिकित्सा करतो तेव्हा ती किती खोल जाते, हे तिथे दिसतं.

पाथर्डी फाटा: यात डॉ. आंबेडकरांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' (1957) हवाच. नाशिककराला तर विशेष. काळाराम मंदिराचा सत्याग्रह 2 मार्च 1930 ला सुरू झाला, येवल्याची घोषणा 13 ऑक्टोबर 1935 ची. हिंदू म्हणून मरणार नाही, असं तिथे सांगितल्यावर पुढे काय, याचा बाबासाहेबांनी दोन दशकं केलेला विचार या ग्रंथात आहे. धर्म वैयक्तिक आणि धम्म सामाजिक, हा भेद ते जिथे मांडतात तो भाग आधी वाचा, मग पहिल्या पानापासून.

पंचवटीकर: बरोबर, तो साळुंख्यांच्या आधी ठेवला तरी चालेल. तर्कतीर्थ शेवटी.