बोलणी खाऊन नर्स घडत नाही

एका ताईंनी इथे लिहिलंय की त्यांची नर्स बहीण सिनिअरांच्या बोलण्यांना कंटाळून नोकरी सोडायचं म्हणतेय. त्यावर एका दादांचं उत्तर आहे की सिनिअरांची बोलणी खाल्ल्याशिवाय नर्स तयार होत नाही. मी बेळगावात खासगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे आणि मला हे अजिबात पटत नाही.

भीतीचा फटका शेवटी पेशंटला बसतो. इन्सुलिनचा डोस लिहिताना काही डॉक्टर युनिटसाठी नुसतं इंग्रजी 'यू' लिहितात. घाईत ते शून्यासारखं दिसतं आणि ४ चे ४० वाचले जातात. शंका आली की फोन करून विचारायचं, एवढंच. पण मागच्या वेळी विचारल्यावर नातेवाइकांसमोर पाणउतारा झाला असेल, तर खानापूर-निपाणीकडून आलेली नवी पोरगी रात्री दोन वाजता फोन करेल का? त्यात कन्नड कच्चं असलं की त्यावरूनही टोमणे. (मराठी इन्चार्जही यात मागे नाहीत, हेही सांगते.)

कर्नाटकचा २००९ चा कायदा मुळात हॉस्पिटलातल्या मारहाण-तोडफोडीसाठी आला. लैंगिक छळ असेल तर मात्र २०१३ चा कायदा आहे. १० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती हवीच, आणि तक्रार ३ महिन्यांच्या आत लेखी द्यायची.

ताई, तुमची बहीण नोकरी सोडायचं म्हणतेय ना? तिला प्रत्येक प्रसंग तारीख-वेळेसकट लिहून ठेवायला सांगा, डबल ड्युटीच्या रोस्टरचे फोटोही. आणि मूळ सर्टिफिकेटं ऑफिसात ठेवून घेतली असतील, तर राजीनाम्याआधी ती आणि अनुभवाचा दाखला हातात घ्या.