टेम्प्लर वगैरे लढवय्या संन्याशांच्या केसेस कोर्टात कोण लढायचं?

चर्चगेट_स्लो: लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मुंबईतच. लीगल हिस्टरीच्या प्रोजेक्टला क्रुसेडवाल्या ऑर्डर्स, म्हणजे ख्रिश्चन धर्मयुद्धांत लढणाऱ्या संन्याशांचे संघ, घ्यायचं डोक्यात आहे. पण जे वाचतेय त्यात सगळ्या लढायाच. यांच्या जमिनी अख्ख्या युरोपभर, म्हणजे भांडणं आलीच ना, बिशपशी, राजांशी, शेजारच्या मठांशी. आणि टेम्प्लरांचा शेवटचा प्रमुख जाक द मोले 1309 मध्ये चौकशी आयोगापुढे (टेम्प्लरांवर तेव्हा पाखंडाचा, म्हणजे धर्मद्रोहाचा खटला चालू होता) स्वतःच म्हणाला की मी गरीब आणि अशिक्षित शिलेदार आहे. मग लॅटिन कागदपत्रं कोण बघायचं? घरचे वकील होते का बाहेरचे?

दादर_वेस्ट: दोन्ही. मुळात यांची खरी ताकद पोपच्या सनदांत होती. 1139 ची सनद बघा, स्वतःचे पाद्री ठेवायची मुभा, दशांश कर माफ, आणि जबाबदारी थेट पोपकडे. स्थानिक बिशपांचा जळफळाट होणारच, 1179 च्या लॅटरन धर्मपरिषदेत (रोममध्ये) त्यांनी टेम्प्लर आणि हॉस्पिटलर (तशीच दुसरी ऑर्डर) दोघांविरुद्ध तक्रारी मांडल्या. म्हणून पोपच्या दरबारात कायमचा माणूस लागायचा, प्रोक्युरेटर, एखादी कंपनी दिल्लीत सुप्रीम कोर्टासाठी वकील बसवून ठेवते ना तसा.

गिरगावकर७: त्यातलाच एक बोलोन्याचा पीटर. ऑर्डरचाच पाद्री, पोपच्या दरबारातला प्रोक्युरेटर. 1310 ला पॅरिसमध्ये टेम्प्लरांचा बचाव करायला जे चौघं पुढे आले त्यात हा मुख्य, आणि त्याचा मुद्दा आजही पटतो, की कबुल्या छळ करून घेतल्यात त्यामुळे त्यांना किंमत नाही. समोर फ्रान्सच्या राजाचा माणूस नोगारे, जो आधी माँपेलियेला कायदा शिकवायचा. पण बचाव रंगात आला तेवढ्यात सांसच्या आर्चबिशपने 54 जणांना जाळायला लावलं, कारण काय तर आधी कबूल केलं आणि मग कबुली मागे घेतली म्हणजे पुन्हा पाखंडात पडले!! म्हणजे कोर्टात खरं बोललात की मेलात. मग पीटरच गायब, आयोगाला सांगितलं तुरुंग फोडून पळाला. मला हे वाचून अजून राग येतो.

चर्चगेट_स्लो: बापरे. पण हा खटला आमच्या बॅचमध्ये आधीच दोघांनी घेतलाय, दुसरं काही?

ठाणे_ते_सीएसएमटी: मग ट्युटॉनिक ऑर्डर घ्या, म्हणजे तशीच जर्मन ऑर्डर, बाकी सगळं सोडा. 1410 ला ग्रुनवाल्डला पोलंड-लिथुआनियाने यांना हरवलं आणि पुढचं भांडण गेलं कॉन्स्टन्सच्या धर्मपरिषदेत, 1414 ते 1418. पोलंडकडून क्राकोव्हचा पावेल व्लोद्कोविच, पादुआला कायदा शिकलेला. त्याचं म्हणणं, ख्रिश्चन नाहीत म्हणून कुणाची जमीन हिसकावता येत नाही, त्यांचाही स्वतःच्या मुलखावर हक्क आहे. आणि हे त्याने हवेत नाही म्हटलं, पोप इनोसंट चौथा स्वतः कायदेपंडित होता, त्याच्या मताचा आधार घेतला. विरुद्ध बाजूने होस्टिएन्सिस या दुसऱ्या कायदेपंडिताचं मत, की ख्रिस्त आल्यावर अख्रिश्चनांचा राज्याधिकार संपला. ऑर्डरच्या बाजूने फाल्केनबेर्ग नावाच्या डॉमिनिकन संन्याशाने पोलंडच्या राजाविरुद्ध इतकं जहाल लिहिलं की शेवटी तोच कैदेत गेला. वसाहतवाद फोफावायच्या आधीचा हा वाद आहे, आपल्याकडे यावर कुणी बोलत कसं नाही!

चर्चगेट_स्लो: हेच घेते!! याआधी पण पोलंड आणि ट्युटॉनिक ऑर्डर कोर्टात भिडले होते का?

ठाणे_ते_सीएसएमटी: हो, दोनदा. एकदा 1320-21 ला, आणि मग 1339 ला वॉर्साला, पोपने नेमलेल्या न्यायाधीशांपुढे. दोन्ही वेळा निकाल ऑर्डरच्या विरुद्ध गेला पण अंमल झाला नाही. 1339 च्या शंभरावर साक्षी टिकून आहेत, तिथूनच सुरुवात करा.