‘विकत घ्या’ म्हणू नका म्हणे, मग काय म्हणू?

(टोपणनावांनी झालेली चर्चा; ‘थोडक्यात’, ‘हलन्त’ वगैरे ही बोलणाऱ्यांची नावं.)

थोडक्यात: ई-पुस्तकांच्या एका ॲपचं मराठीकरण करतेय. पुस्तकाखालच्या बटणावर मूळ शब्द ‘बाय’. मी डोळे मिटून ‘विकत घ्या’ लिहिलं. तपासणाऱ्यांनी परत पाठवलं: पुस्तक विकत मिळत नाही, वाचायचं लायसन्स मिळतं, तेव्हा ‘परवाना मिळवा’ करा. ते वाचून बंदूक घ्यायला निघाल्यासारखं वाटतं हो. बटणात जागा दहा-बारा अक्षरांची. उद्या फाइल द्यायचीय, सुचवा काहीतरी.

हलन्त: अनुज्ञप्ती. लायसन्सला संस्कृत शब्द.

थोडक्यात: बटणात बसेल, पण वाचकाच्या तोंडात बसायचं नाही.

हलन्त: वापरलं की बसतं. ‘परवाना’ तर सरळ फारसीतून उचललेला.

तिरपी रेघ: आणि ‘खरेदी’? तीही फारसीच. ‘हक्क’ अरबी. कॉपीराइटला म्हणतात तो ‘स्वामित्वहक्क’ अर्धा संस्कृत, अर्धा अरबी आहे, त्याला काय घराबाहेर काढणार? बाकी उर्दू शायरीत परवाना म्हणजे दिव्यावर झेप घेणारा पतंग. अटी न वाचता ‘मान्य’ दाबणाऱ्या आपल्यासारख्यांना शोभतो तो शब्द.

काना मात्रा: एक गंमत बघा. आपण तिकीट ‘विकत घेत’ नाही, ‘काढतो’. पास काढतो, लायसन काढतो. वस्तू हातात येत नाही, नुसती मुभा मिळते, तिथे मराठीत ‘काढणे’ येतं असं माझं निरीक्षण आहे. तेव्हा बटणावर ‘काढा’.

तिरपी रेघ: कर्ज काढतो, वरात काढतो, खोडी काढतो. कसला नियम नि कसलं काय. पुस्तक ‘काढणं’ म्हणजे तर प्रकाशित करणं. आणि नुसतं ‘काढा’ वाचून लोकांना खोकला आठवेल.

जुनी वही: तपासणारे उगाच कीस पाडत नाहीत. ऑडिओबुकं मिळायची अशा एका सेवेवर मी बरीच जमवली होती. सेवा बंद झाली. एका सकाळी बघतो तर सगळी मुखपृष्ठं करडी आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात बारीकसं कुलूप. जुन्या ईमेल उपसून पावत्या काढल्या, त्यांवर मात्र ठसठशीत ‘खरेदी’! २००९ साली ॲमेझॉनने ऑर्वेलचं ‘१९८४’ लोकांच्या किंडलवरून, म्हणजे त्यांच्या ई-पुस्तकं वाचायच्या यंत्रावरून, असंच परस्पर पुसलं होतं. पुस्तकच निवडलंन तेही, नको त्या नोंदी पुसून टाकणाऱ्या राजवटीचं! विकणाऱ्याकडे हक्क नव्हते हे खरं, पैसेही परत दिले. पण छापील प्रत असती तर घरात शिरून कपाटातून उचलून नेली असती का? म्हणे विकत. विकतचं दुखणं.

तिरपी रेघ: म्हणून तर कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदा आहे. डिजिटल वस्तू विकताना ‘बाय’, ‘पर्चेस’ म्हणायचं तर हा फक्त परवाना आहे हे गिऱ्हाइकाला आधी ठळकपणे सांगावं लागतं. कायमची उतरवून ऑफलाइन ठेवता येणारी फाइल असेल तर ही अट नाही.

थोडक्यात: म्हणजे खाली ठळक ओळ टाकली तर ‘विकत घ्या’ चालेल?

हलन्त: ‘गिऱ्हाईक’ नको, ‘ग्राहक’ म्हणा.

तिरपी रेघ: जुनी वहींचं जे केलं त्याला मराठीत ‘गिऱ्हाईक करणं’च म्हणतात. ‘ग्राहक केलं’ म्हणून बघा बरं.

हलन्त: मूळ घोटाळा ‘स्वामित्वहक्क’ या शब्दाचा आहे. ‘प्रताधिकार’ म्हटलं की उजेड पडतो: हक्क प्रती काढण्याचा. विकलेल्या प्रतीवर लेखक-प्रकाशकाची सत्ता राहत नाही. अमेरिकेत बॉब्ज-मेरिल या प्रकाशकाने ‘एका डॉलरपेक्षा कमी किमतीला विकू नये’ असं पुस्तकातच छापलं होतं. १९०८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती अट उडवून लावली, कारण प्रत एकदा विकली गेली होती. ॲपमध्ये ‘प्रत’ हस्तांतरित होतच नाही, सगळी मेख तिथे आहे.

काना मात्रा: हे पटलं. ‘अनुज्ञप्ती’ अजूनही नाही.

जुनी वही: वहिवाट! जमीन मालकाची, वहिवाट आपली. अस्सल मराठी शब्द हाताशी असताना फारसी-संस्कृत कशाला उकरताय?

तिरपी रेघ: वहिवाट वर्षानुवर्षं चालली की तिचाच हक्क होऊन बसतो. कंपनीच्या वकिलाला फेफरं येईल.

जुनी वही: येऊ दे की.

हलन्त: मूळ ‘वाहती वाट’ असावं.

काना मात्रा: वहीतल्या नोंदीशी संबंध असेल का?

थोडक्यात: मंडळी, फाइल गेली. बटणावर नुसतं ‘घ्या’. खाली बारीक अक्षरांत ‘हे पुस्तक वाचण्याचा परवाना मिळेल, मालकी मिळणार नाही’. आता तपासणारे ‘बारीक’ला हरकत घेतायत.

काना मात्रा: ‘घ्या!’ आपण कपाळावर हात मारूनही म्हणतो बरं का. कुलूप दिसलं की तेच म्हणायचं.

हलन्त: ‘वहिवाट’मधला ‘हि’ ऱ्हस्व आहे. वहीशी संबंध नाही.

जुनी वही: ऱ्हस्व-दीर्घावरून व्युत्पत्ती ठरत असती तर काय हवं होतं.