भांगेच्या बियांचे एकच पोते, टीएचसीचे तीन अहवाल आणि तीन निरनिराळे आकडे: कोणता धरावा?

माजघर, कोथरूड

नमस्कार. कोथरूडला माझा घरगुती चटण्यांचा छोटा व्यवसाय आहे. जवस, कारळे, तीळ आणि शेंगदाण्याच्या कोरड्या चटण्या आम्ही गेली सात वर्षे करत आहोत आणि त्यासाठी आमच्याकडे अन्न परवानाही आहे. उत्तराखंडात भांगेच्या बियांची चटणी घरोघरी करतात हे ठाऊक होते, आणि २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये एफएसएसएआय या केंद्राच्या अन्न सुरक्षा संस्थेने हेम्पचे (म्हणजे कमी नशेच्या भांगेचे) बी, त्याचे तेल आणि पीठ यांना अन्न म्हणून मान्यता दिल्याचेही वाचले होते; म्हणून या वर्षी तिकडच्या एका पुरवठादाराकडून पंचवीस किलोचे एक पोते मागवले.

पोत्यासोबत जो अहवाल आला, त्यात ‘टीएचसी: आढळले नाही’ एवढी एकच ओळ होती. टीएचसी म्हणजे भांगेतला नशा आणणारा घटक. माझे समाधान झाले नाही, म्हणून पोत्याच्या तोंडाशी हात घालून दोनशे ग्रॅम बी काढले आणि एका खासगी प्रयोगशाळेला दिले. त्यांच्या अहवालात डेल्टा-९ टीएचसी २.४, टीएचसीए ६.२ आणि एकूण टीएचसी ७.८ मिलिग्रॅम प्रति किलो, असे लिहून आले. बियांसाठी मर्यादा ५ आहे. मी घाबरून दुसऱ्या प्रयोगशाळेकडे गेले, तर त्यांनी ‘टीएचसी ३.१ मिलिग्रॅम प्रति किलो’ असा एकच आकडा दिला. पुरवठादाराला फोन केला तेव्हा तो म्हणाला, “ताई, कायद्यात मर्यादा ०.३ टक्के आहे, तुमचे ७.८ म्हणजे ०.०००७८ टक्के, तुम्ही उगाच काळजी करता.”

तिन्ही अहवालांवर सह्या आणि शिक्के आहेत. यातला कोणता खरा मानावा? बी कढईत भाजल्यावर टीएचसी निघून जाते का? चाळीस पाकिटे भरून तयार आहेत आणि ती विकायची की नाहीत, हे मला ठरवायचे आहे.

नमुनाकक्ष, चिंचवड

ताई, मी विश्लेषक रसायनशास्त्रज्ञ आहे आणि औषधांच्या गुणवत्ता तपासणीत सत्तावीस वर्षे काढली आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. तिघांपैकी कोणी खोटे लिहिले आहे असे मला वाटत नाही. तिघांनी तीन वेगळ्या गोष्टी मोजल्या आहेत.

आधी पुरवठादाराचा ०.३ टक्का बाजूला काढू, कारण सर्वांत मोठी दिशाभूल तिथेच होते. ०.३ टक्के ही शेतातल्या पिकाची मर्यादा आहे. अमेरिकेच्या २०१८ च्या कृषी कायद्यात हेम्प कशाला म्हणायचे ते याच आकड्याने ठरते, आणि उत्तराखंडातही लागवडीचा परवाना याच मर्यादेवर दिला जातो. ती वाळवलेल्या फुलोऱ्याला लावायची असते. ०.३ टक्के म्हणजे किलोमागे ३००० मिलिग्रॅम. तुमच्या बियांना लागणारी मर्यादा किलोमागे ५ मिलिग्रॅम, म्हणजे सहाशे पटीने कडक आहे. टक्क्यांत लिहिले की ७.८ हा आकडा शून्यांच्या मागे दडतो, म्हणून अन्नाचा अहवाल नेहमी मिलिग्रॅम प्रति किलोमध्येच मागावा.

आता ‘आढळले नाही’ याविषयी. प्रत्येक पद्धतीची एक खालची पातळी असते, जिच्या खाली आकडा विश्वासाने सांगता येत नाही. प्रयोगशाळेत तिला आम्ही एलओक्यू म्हणतो. फुलोऱ्याची किंवा अर्काची पोटेन्सी, म्हणजे तीव्रता, मोजण्यासाठी सहसा अतिनील शोधक जोडलेली एचपीएलसी (घटक वेगळे करून मोजण्याची पद्धत) वापरतात. ज्या मालात टीएचसी किंवा सीबीडी (भांगेतलाच, पण नशा न आणणारा घटक) टक्क्यांत असते, त्यासाठी ती उत्तम आहे, परंतु अशा पद्धतीचा एलओक्यू ०.०१ टक्के असेल तर तो किलोमागे १०० मिलिग्रॅम होतो. म्हणजे तिथे ‘आढळले नाही’ याचा अर्थ ‘शंभराच्या खाली आहे’ एवढाच, आणि तुमची मर्यादा त्याच्या विसाव्या हिश्शाएवढी आहे. पोते मर्यादेच्या दहापट टीएचसी घेऊन आले असते तरी त्या कागदावर हीच ओळ उमटली असती. बियांसाठी एलसी-एमएस/एमएस ही त्याहून संवेदनशील पद्धत लागते, जी किलोमागे मिलिग्रॅमच्याही अंशापर्यंत उतरू शकते. पुरवठादाराला फक्त दोन गोष्टी विचारा: पद्धत कोणती आणि एलओक्यू किती.

७.८ आणि ३.१ यांतला फरक टीएचसीए या नावात आहे. झाडात टीएचसी मुख्यतः आम्लाच्या रूपात, म्हणजे टीएचसीए म्हणून असते. ते स्वतः नशा आणत नाही, पण तापले की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि टीएचसी उरते. टीएचसीएचे रेणूवजन ३५८.५ आणि टीएचसीचे ३१४.५, म्हणून आम्लाच्या आकड्याला ०.८७७ ने गुणून टीएचसीत मिळवायचे. तुमच्या पहिल्या अहवालात ६.२ गुणिले ०.८७७ म्हणजे ५.४, त्यात मुक्त, म्हणजे आम्लाच्या रूपात नसलेल्या डेल्टा-९ टीएचसीचे २.४ मिळवले की ७.८, हिशेब बरोबर आहे. दुसऱ्या अहवालात टीएचसीएची ओळच नाही. त्यांनी केवळ मुक्त टीएचसी मोजले असेल, तर ३.१ हा आकडा मर्यादेशी ताडून पाहता येत नाही, कारण मर्यादा एकूण टीएचसीची आहे. त्यांनी गॅस क्रोमॅटोग्राफी (नमुना तापवून वायुरूपात मोजण्याची पद्धत) वापरली असेल तर आणखी एक गुंता होतो: त्या यंत्राच्या तापलेल्या मुखाशी आम्लाचे टीएचसीत रूपांतर होते, पण ते पूर्ण होईलच असे नाही, आणि मग जो आकडा येतो तो धड मुक्त टीएचसीचा नसतो आणि धड एकूणही नसतो.

भाजण्याचे उत्तरही यातच आले. भाजल्याने टीएचसीए कमी दिसेल आणि टीएचसी वाढलेले दिसेल. बेरीज साधारण तेवढीच राहील. उलट, जे आम्ल निरुपद्रवी होते त्याचे नशा आणणाऱ्या रूपात परिवर्तन तुमच्या कढईत होईल, म्हणून भाजण्यावर मुळीच विसंबू नका.

शनवारातला

उत्तम माहिती. एक शंका आहे. बीच जर वेगळे काढलेले असेल, तर त्यात टीएचसी येतेच कुठून? आणि एकाच पोत्यातल्या दोन मुठींमध्ये फरक पडू शकतो का?

नमुनाकक्ष, चिंचवड

हा प्रश्न विचारलात ते फार चांगले केले, कारण माझ्या मते ताईंच्या गोंधळाचे मूळ इथेच आहे.

बियांच्या आत टीएचसी तयार होत नाही. ते तयार होते फुलोऱ्यावरच्या, विशेषतः बी ज्या बारीक पानात गुंडाळलेले असते त्या आवरणावरच्या राळेच्या ग्रंथींत. मळणीच्या वेळी ही चिकट राळ बियांच्या कवचाला लागते आणि आवरणाचे तुकडेही मालात मिसळतात. म्हणून बियांमधले टीएचसी हा खरे तर वरून लागलेला मळ आहे, आणि मळ कधी सगळीकडे सारखा पसरलेला नसतो.

हिशेब करून पाहा. प्रयोगशाळा तुमच्या दोनशे ग्रॅमांतले समजा दोन ग्रॅम बी दळून घेते. दोन ग्रॅमांत ५ मिलिग्रॅम प्रति किलो म्हणजे फक्त १० मायक्रोग्रॅम टीएचसी. आता त्या दोन ग्रॅमांत आवरणाचा पाच मिलिग्रॅमचा, म्हणजे साधारण दोन तिळांच्या वजनाचा एक तुकडा गेला आणि त्या तुकड्यात टीएचसी ०.३ टक्केच, अगदी कायदेशीर पिकाएवढे असले, तरी त्यात १५ मायक्रोग्रॅम असते. त्या एका कणाने आकडा साडेसातने वर जातो. पिकात काही गैर नसते, प्रयोगशाळेचीही चूक नसते, आणि तरी माल मर्यादेबाहेर ठरतो.

म्हणून तोंडाशी हात घालून काढलेली मूठ म्हणजे नमुना नव्हे. वाहतुकीत पोते हादरते, हलके तुकडे आणि भुसा एका थरात जमतो. मार्केट यार्डात धान्याचा व्यापारी पोकळ सळई पोत्यात खुपसून वरचा, मधला आणि तळचा माल पाहतो, तसेच करावे. निदान आठ-दहा ठिकाणचा माल एकत्र करून स्वच्छ कापडावर त्याची रास घालावी, तिचे चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवावेत, बाकीचे बाजूला करावेत, पुन्हा रास, पुन्हा चार भाग, असे करत अर्ध्या किलोवर यावे. त्याचे दोन भाग करून एक प्रयोगशाळेला द्यावा आणि दुसरा सीलबंद करून थंड, अंधाऱ्या जागी ठेवावा. उजेड आणि हवा लागली की टीएचसीचे हळूहळू सीबीएन या दुसऱ्या घटकामध्ये रूपांतर होते, म्हणून गॅसच्या ओट्याशेजारी बरणीत ठेवलेला नमुना महिन्याने वेगळेच काही सांगेल. प्रयोगशाळेलाही सांगावे की दोन ग्रॅम उचलण्याआधी सगळा नमुना दळून एकजीव करा. तेलकट बी नुसते दळले तर लगदा होतो, म्हणून ते गोठवून दळावे लागते.

परवानावाला, शिवाजीनगर

रसायनशास्त्रातले मला कळत नाही. अन्न परवान्यांची कामे करतो, म्हणून त्या बाजूने थोडेसे लिहितो.

अहवालावर एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या संस्थेचे चिन्ह पाहून समाधान मानू नका. ही मान्यता प्रयोगशाळेला सरसकट मिळत नाही. कोणत्या पदार्थात, कोणता घटक, कोणत्या पद्धतीने, याची एक व्याप्ती ठरलेली असते आणि ती एनएबीएलच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. तेलबियांमधल्या टीएचसीची चाचणी त्या यादीत नसेल, तर पाण्यातल्या शिशासाठी मिळालेली मान्यता तुमच्या कामाची नाही. दुसरे असे की, बियांना मर्यादा ५ आहे, तेलाला १०, आणि पेयांना अवघी ०.२ मिलिग्रॅम प्रति किलो, तेव्हा अहवालात ‘मर्यादा’ या रकान्यात कोणता आकडा छापला आहे तेही पाहा. सीबीडीलाही ७५ मिलिग्रॅम प्रति किलोची मर्यादा आहे. बी न उगवणारे हवे आणि लागवड परवानाधारकाची हवी, त्याचे कागद पुरवठादाराकडून आजच मागून घ्या.

उद्या अन्न सुरक्षा अधिकाऱ्याने दुकानातून नमुना घेतला तर त्याचे चार भाग केले जातात, आणि त्यातला एक मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत स्वतंत्रपणे तपासून मागण्याचा हक्क तुम्हाला असतो. त्या वेळी तुमच्याजवळचा राखीव नमुना आणि व्यवस्थित अहवाल यांचाच आधार होईल.

आजोळ, सातारा रोड

थोडे वेगळे विचारते. माझ्या वडिलांच्या गुडघेदुखीसाठी वैद्यांनी विजयेचे, म्हणजे भांगेचे, तेल लिहून दिले आहे. बाटलीवर ‘५०० मिलिग्रॅम’ असे आहे. त्याला हे सगळे लागू होते का?

नमुनाकक्ष, चिंचवड

नाही, ते औषध आहे आणि आयुर्वेदाच्या परवान्याखाली येते; भांग औषध नियमांच्या ई-१ या परिशिष्टात असल्यामुळे असे औषध वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यायचे असते. मात्र ५०० मिलिग्रॅम कशाचे, हे जरूर विचारा. अर्काचे ५०० आणि सीबीडीचे ५०० यांत पुष्कळ अंतर असू शकते, आणि नुसत्या बियांच्या तेलात सीबीडी जवळपास नसतेच. अमेरिकेत २०१७ मध्ये इंटरनेटवरून विकत घेतलेल्या ८४ सीबीडी उत्पादनांची तपासणी प्रसिद्ध झाली, त्यात लेबलवरच्या आकड्याच्या दहा टक्क्यांच्या आत फक्त २६ भरली आणि १८ मध्ये टीएचसी आढळले. म्हणून त्या बाटलीच्या बॅच क्रमांकाचाच अहवाल मागा. दुसऱ्या बॅचचा कागद चालणार नाही. वडील रक्त पातळ करणारी किंवा फिटची गोळी घेत असतील, तर ते डॉक्टरांना आधी सांगा, कारण सीबीडीमुळे अशा काही औषधांचे रक्तातले प्रमाण वाढते.

माजघर, कोथरूड

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहिते आहे.

पुरवठादाराने दोनदा टाळाटाळ करून शेवटी अहवालाचे दुसरे पान पाठवले. पद्धत एचपीएलसी, एलओक्यू ०.०१ टक्के. नमुनाकक्ष यांनी उदाहरणादाखल घेतलेला आकडा जसाच्या तसा तिथे छापलेला पाहून मी थोडा वेळ गप्पच झाले. दुसऱ्या प्रयोगशाळेनेही मान्य केले की त्यांनी फक्त मुक्त टीएचसी मोजले होते.

मग सगळे पोते अंगणात ओतले. आधी बारीक चाळणीने चाळले, नंतर सासूबाईंनी सुपात पाखडून दिले. सुपाच्या टोकाशी जे साचले ते पाहून मला प्रथमच नीट समजले: हिरवट करड्या रंगाचे, कळ्यांच्या पापुद्र्यांसारखे तुकडे, बोटांना चिकटणारे, आणि हात धुतल्यावरही न जाणारा उग्र वास. पंचवीस किलोंतून असे जेमतेम ओंजळभर निघाले. पाखडलेल्या बियांची रास करून सांगितल्याप्रमाणे नमुना काढला आणि एलसी-एमएस/एमएसची व्याप्ती असलेल्या प्रयोगशाळेला दिला. अहवाल काल आला: टीएचसी ०.९, टीएचसीए १.६, एकूण २.३, एलओक्यू ०.१.

एकच विचारायचे राहिले. अहवालात ‘अनिश्चितता अधिक-उणे २० टक्के’ असे आहे. पुढच्या पोत्याचा आकडा ४.८ आला तर तो चालेल का?

नमुनाकक्ष, चिंचवड

२.३ ला वीस टक्के लावले तरी तो २.८ च्या पुढे जात नाही, म्हणून हे पोते निर्धास्त वापरा. ४.८ चे तसे नाही. त्याची वरची बाजू ५.८ होते, आणि दुसऱ्या प्रयोगशाळेत तोच माल नापास होऊ शकतो. मी तुमच्या जागी असतो तर ३ च्या वरचे पोते पुन्हा पाखडून, पुन्हा तपासल्याशिवाय दळायला घेतले नसते. तयार चटणीचाही एकदा स्वतंत्र अहवाल करून घ्या, पण देताना त्यात लसूण, खोबरे आणि तिखट आहे हे प्रयोगशाळेला सांगा. या पदार्थांनी यंत्राचा संकेत दबतो, म्हणून चटणीत ठरावीक टीएचसी मुद्दाम मिसळून ते किती परत मिळते, याची पडताळणी त्यांना करावी लागेल.

माजघर, कोथरूड

तसेच करते. आधीची चाळीस पाकिटे न पाखडलेल्या बियांची होती, ती मी विक्रीला काढली नाहीत. राखीव नमुना तारीख आणि पोत्याचा क्रमांक घालून आतल्या खोलीतल्या कपाटात ठेवला आहे.