मदत हवी आहे: मुलाच्या घशातल्या गाठी काढायच्या की नाही? सोमवारपर्यंत सांगायचंय

अबोली_फोंडा
डॉक्टर म्हणतात काढा. सासूबाई म्हणतात, देवानं घशात पहारेकरी बसवलेत, ते काढले तर पोर जन्मभर आजारी. ज्यांच्या मुलांचं झालंय त्यांनीच सांगा. हळद-दूध सुचवू नका, झालंय करून.

कुळागर
वय? टॉन्सिल की अॅडेनॉइड, म्हणजे नाकामागची गाठ? वर्षात किती वेळा घसा धरला?

तिठा
अजिबात काढू नका. २०१८ साली डेन्मार्कमधल्या सुमारे १२ लाख मुलांच्या नोंदी तपासल्या. नऊ वर्षांच्या आत ऑपरेशन झालेल्यांना पुढे श्वसनाचे आजार जास्त दिसले.

कुळागर
तिठाबाब, ती मुळातच सर्दी-खोकल्यानं बेजार असलेली पोरं. निव्वळ नोंदींवरून ऑपरेशनला दोष कसा देणार?

सासूबाईंचंही खोटं नाही म्हणा. टॉन्सिलच्या खाचांत जंतू अडकतात, तिथल्या पेशी त्यांची ओळख पटवून प्रतिपिंडं बनवायला लागतात. पण पहारा एकट्याचा नाही. नाकामागे अॅडेनॉइड, घशात दोन बाजूंना टॉन्सिल, जिभेच्या मुळाशी आणखी एक, असं कडंच आहे. वाल्डायर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं १८८४ साली वर्णन केलेलं. शिवाय मानेतल्या गाठी वेगळ्या. एक पहारेकरी काढला म्हणून चौकी उघडी पडत नाही.

सुंगटांची_कडी
माझे लहानपणीच काढले, आज पन्नाशीत ठणठणीत. आइस्क्रीम मिळतं म्हणून शेजारचा पोरगाही घसा दुखतो म्हणून रडायला लागला होता.

पाणंद
दीनदयाळ कार्ड, गोवा सरकारच्या आरोग्यविम्याचं, आहे ना? नूतनीकरण केलंय का ते बघा.

अबोली_फोंडा
कार्डाचं कुणी विचारलं? वय साडेपाच. घसा दोनदाच धरला. एक्स-रे बघून अॅडेनॉइड म्हणाले. रात्री तोंड उघडं, उशीवर लाळेचं तळं. घोरता घोरता एकदम गप्प होतो. छाती हलते, पण श्वासाचा आवाज नाही. मी आकडे मोजत बसते. काल आठपर्यंत गेले, मग दचकून श्वास घेतला. टीव्ही मोठा लावतो. शाळेतून ‘लक्ष नसतं’ म्हणून चिठ्ठी आलीय.

कुळागर
अगं ताई, हेच आधी लिहायचं! वर्षात सात वेळा झालं तर काढा वगैरे हिशेब घसा धरण्याचा. इथे श्वास अडतोय. आणि कानाची नळी नाकामागे अॅडेनॉइडच्या शेजारीच उघडते. ती तुंबली की पडद्यामागे पाणी साचतं. लक्ष नसेल कशाला, ऐकूच येत नसेल. कानाची तपासणी मागून घ्या.

तिठा
तरी आधी नाकातला स्टिरॉइड स्प्रे द्या. माझ्या मुलीचं त्यावरच भागलं. सात-आठनंतर अॅडेनॉइड आपोआप आकसतात.

कुळागर
तुमची मुलगी झोपेत श्वास थांबवत होती?

तिठा
नाही. नुसतं नाक बंद असायचं. पण भिंतीला बुरशी आहे का तेही बघा, पावसाळ्यात आमच्याकडे कपाटातल्या साड्यासुद्धा…

सुंगटांची_कडी
साड्यांना कापूर ठेवा.

कुळागर
तारीख कोणती देतायत?

अबोली_फोंडा
गणेश चवथीच्या आठ दिवस आधी. मग सगळे सत्तरी तालुक्यात गावी.

कुळागर
टॉन्सिलही काढणार असतील तर नको. त्याची खपली साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसात सुटते, तेव्हा रक्त येऊ शकतं. नेमके तुम्ही गावात, इस्पितळ लांब, पुढ्यात कडक नेवऱ्या, म्हणजे करंज्या. फक्त अॅडेनॉइड की दोन्ही?

अबोली_फोंडा
विचारलंच नाही. सोमवारी तेच आधी विचारते.